हवेतल्या वाफांची नावानिशी मोजदाद

चेंबूरच्या माहुलला नमुने घ्यायला गेलं की पंपाची पेटी गच्चीवर ठेवेपर्यंत चार माणसं जमायची आणि प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, आज वास कमी आहे. म्हणजे हवा बरी आहे ना?" हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली, बहुतेक काम मुंबईत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात. हाच प्रश्न मला तुर्भ्याला विचारला गेला, भांडुपला विचारला गेला, रंगाच्या दुकानावरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींनीही विचारला. गच्चीवर उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर कधीच देता आलं नाही, कारण त्यासाठी आधी बरंच काही सांगावं लागतं.

नाक काही गोष्टी फार चटकन पकडतं आणि काही जवळजवळ पकडतच नाही. घरचा सिलिंडर गळला की लगेच कळतं, पण तो वास गॅसचा नसतो. प्रोपेन आणि ब्युटेन यांना म्हणावा तसा वासच नाही, म्हणून त्यात मुद्दाम एथिल मर्कॅप्टन हे गंधकाचं रसायन मिसळतात. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी नाकाला पुरतो. आता बेंझिन घ्या. त्याचा वास जाणवायला एका घनमीटर हवेत ते काही हजार मायक्रोग्रॅम असावं लागतं. आपल्याकडे २००९ साली ठरलेलं वार्षिक सरासरीचं मानक आहे ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे मानकाच्या शंभरपट बेंझिन हवेत असलं तरी नाक गप्प बसेल. आणि बेंझिन माणसाच्या अस्थिमज्जेवर घाव घालतं. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. तेलशुद्धीकरणाच्या परिसरात ज्या उग्र वासाने लोक दारं-खिडक्या लावून घेतात, तो पुष्कळदा गंधकाच्या संयुगांचा असतो. तो वास त्रासदायक आहेच, त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण वास गेला म्हणून बेंझिन गेलं, असं म्हणायला कसलाही आधार नाही.

हवेत अशी कार्बनची शेकडो संयुगं वाफेच्या रूपात असतात. सरकारी कागदांत आणि आता बातम्यांतही त्यांना व्हीओसी म्हणतात. पेट्रोल भरताना नळीच्या तोंडाशी थरथरणारी हवा दिसते ती वाफ, थिनरची, नेलपॉलिशची, छपाईच्या शाईची, ताज्या रंगाची, डांबराच्या गोळ्यांची वाफ. इंजिनात अर्धवट जळालेल्या इंधनातून ती निघते, कचरा पेटवल्यावर निघते, उदबत्तीच्या धुरातही बेंझिन असतं. झाडांच्या पानांतूनही वाफा निघतात, त्याकडे नंतर येते. यातल्या काही थेट विषारी आहेत. बाकीच्यांचा धोका आडवळणाने येतो, आणि तो शोधून काढायला एक अख्खं शहर वेठीला धरलं गेलं होतं.

१९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिस शहरावर भरदिवसा असं धुरकं उतरलं की लोकांचे डोळे झोंबून पाणी वाहू लागलं. महायुद्ध चालू होतं. शहरात कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणारा एक कारखाना होता, त्यावर संशय गेला. लोकांच्या रेट्यामुळे कारखाना काही काळ बंद झाला. धुरकं तसंच राहिलं. लंडनचं धुरकं कोळशाचं, गंधकाचं आणि थंडीतलं. हे उन्हातलं होतं आणि दुपारी वाढायचं. याचा उलगडा केला आरी हागेन-स्मिट यांनी. हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ, कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करत होते. अननसाचा स्वाद म्हणजेसुद्धा अत्यल्प प्रमाणातल्या वाफा. त्या हवेतून गोठवून गोळा करायच्या आणि एकेक वेगळी काढायची, ही त्यांची रोजची विद्या. त्यांनी खिडकीबाहेरची हवा त्याच थंड सापळ्यांतून ओढली आणि हाती आले तपकिरी, उग्र वासाचे काही थेंब.

त्या थेंबांवरून आणि पुढच्या प्रयोगांवरून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलं की पेट्रोलच्या वाफा आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड एकत्र आले आणि त्यावर कडक ऊन पडलं की हवेत ओझोन तयार होतो. ओझोन मोजायची त्यांची एक पद्धत मला अजूनही फार आवडते: रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला पहिली चीर किती वेळात पडते ते पाहायचं. ओझोन रबर फोडतो. लॉस एंजेलिसमध्ये गाड्यांचे टायर लवकर का चिरतात, त्याचंही उत्तर यातच होतं. तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेने त्यांच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा अननस बाजूला ठेवून ते पूर्ण वेळ याच कामाला लागले. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

ही क्रिया समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे. नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो, आणि उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. जितकं घडतं तितकं मोडतं. वाफा आल्या की हा तोल जातो. त्यांच्यापासून बनणारी अल्पायुषी संयुगं नायट्रिक ऑक्साइडचं काम परस्पर करून टाकतात, ओझोन खायला कोणी उरत नाही आणि तो साचत जातो. म्हणूनच शहरांत एक विचित्र गोष्ट दिसते: नुसता नायट्रोजनचा धूर कमी केला आणि वाफा तशाच ठेवल्या, तर ओझोन वाढू शकतो. लॉस एंजेलिसला रविवारी ट्रक कमी, तरी ओझोन जास्त, असं वर्षानुवर्षं दिसत आलं. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले असताना जगातल्या अनेक शहरांत हेच झालं.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते. सगळ्या वाफा ओझोनला सारखा हातभार लावत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या विल्यम कार्टर या रसायनशास्त्रज्ञाने यासाठी एकेका संयुगाचं कोष्टक केलं. ओझोनसाठी सगळ्यात अनुकूल परिस्थितीत एक ग्रॅम मेटा-झायलीन जवळपास दहा ग्रॅम ओझोन वाढवतो, एक ग्रॅम प्रोपीन त्याहून जास्त, टोल्युइन चारेक ग्रॅम. बेंझिन? एक ग्रॅमसुद्धा नाही. शरीराला इतकी घातक असलेली वाफ ओझोनच्या कामात अगदी मंद, आणि जिच्यावर आपल्याकडे मानकच नाही अशी प्रोपीन मात्र भलतीच चलाख. म्हणून "हवेत एकूण व्हीओसी इतके" हा आकडा मला कधीच पुरेसा वाटला नाही. आरोग्यासाठी बघायचं असो की ओझोनसाठी, प्रत्येक संयुग नावाने वेगळं मोजल्याशिवाय काहीही ठरवता येत नाही.

हवाशुद्धीकरणाच्या घरगुती यंत्रांवर आजकाल टीव्हीओसी, म्हणजे एकूण व्हीओसी, म्हणून एक आकडा लुकलुकतो. सॅनिटायझर हाताला लावून यंत्राजवळ गेलात तर तो उसळी मारतो, कारण मद्यार्काच्या वाफेला ते संवेदक सहज प्रतिसाद देतात. कारखान्यांत वापरतात ते हातातलं पीआयडी यंत्र याहून पुष्कळ चांगलं. त्यातला अतिनील दिवा वाफेच्या रेणूंवर विद्युतभार आणतो आणि यंत्र तो भार मोजतं. पण सर्वसाधारण दिव्याला इथेन दिसत नाही, फॉर्माल्डिहाइड दिसत नाही, आणि जे दिसतं ते कमीजास्त तीव्रतेने दिसतं. पाइपच्या जोडाशी, व्हॉल्व्हपाशी गळती हुडकायला मी तेच यंत्र हातात घेईन. गच्चीवरच्या हवेचा निवाडा त्याच्यावर करणार नाही.

गच्चीवर आम्ही नेत असू त्या कोळशाच्या नळ्या. पेन्सिलीहून बारीक काचेची नळी, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली, आत नारळाच्या करवंटीपासून तयार केलेल्या कोळशाचे दोन थर, पुढचा मोठा आणि मागचा लहान. जागेवर पोचल्यावर टोकं मोडायची आणि पंप जोडायचा. कोळसा वाफा धरून ठेवतो. मागचा थर पहारेकरी: पुढचा भरून वाफ मागे सरकली असेल तर ती तिथे सापडते, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडली की तो नमुना बाद. मुंबईच्या दमट हवेत हे प्रकरण नाजूक होतं, कारण पाण्याची वाफही त्याच कोळशात जागा मागते.

हे काम किती बारीक असतं ते आकड्यांतच कळेल. मिनिटाला १०० मिलिलिटर या गतीने चोवीस तासांत १४४ लिटर हवा नळीतून जाते. हवेत बेंझिन बरोबर मानकाइतकं असेल तर त्यातून जमा होतं जेमतेम ०.७२ मायक्रोग्रॅम. ते कार्बन डायसल्फाइड या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये उतरवायचं, आणि त्या मिलिलिटरचा हजारावा भाग यंत्रात सोडायचा. त्यात पुन्हा गोम अशी की बाजारात मिळणाऱ्या साध्या कार्बन डायसल्फाइडमध्ये मुळातच थोडं बेंझिन असतं. बाटली उघडली की आधी तिचीच तपासणी. शिवाय दर फेरीत एक कोरी नळी जायची: जागेवर न्यायची, टोकं मोडायची, टोप्या लावायच्या, हवा मुळीच ओढायची नाही, आणि परत आणून बाकीच्यांबरोबर तपासायची. त्या कोऱ्या नळीत काही निघालं तर ते आपल्या हातचं, गाडीतलं, पेटीतलं. म्हणून नमुने घ्यायच्या दिवशी आमच्याकडे कडक पथ्य असे. सेंट नाही, वाटेत स्कूटरमध्ये पेट्रोल भरायचं नाही, नळीवर मार्कर पेनने नंबर घालायचा नाही, पेन्सिलच वापरायची. इमारतीच्या वॉचमनने पंपाच्या बाजूला उदबत्ती लावली तर हात जोडून ती हलवायला सांगायचं.

प्रयोगशाळेत पुढचं काम जीसी करतो, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. त्यात केसाएवढ्या पोकळीची, साठ-साठ मीटर लांबीची एक नळी वेटोळं करून ठेवलेली असते आणि तिला आतून एक पातळ लेप असतो. दिवाळीच्या आठवड्यात दादरच्या रानडे रोडवर एकदम सोडलेल्या गर्दीसारखं आत घडतं: ज्यांना काही घ्यायचं नाही ते सरळ स्टेशन गाठतात, ज्यांचं प्रत्येक दुकानात मन अडकतं ते उशिरा पोचतात. लेपात न रमणारे हलके रेणू आधी बाहेर येतात, रमणारे नंतर. बेंझिन, मग टोल्युइन, मग एथिलबेंझिन, मग झायलीनची भावंडं. मेटा आणि पॅरा ही दोन भावंडं सर्वसाधारण नळीत इतकी बरोबर चालतात की अहवालात त्यांचा आकडा एकत्रच द्यावा लागतो. टोकाला वस्तुमान मोजणारं यंत्र बसवलेलं असेल तर प्रत्येक रेणूचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या वजनांवरून त्याची ओळख पटते. कागदावर एकामागून एक सुळके उमटत जातात. शहराच्या मोकळ्या हवेच्या एका नमुन्यात असे शंभराहून जास्त सुळके येऊ शकतात, आणि ज्यांची नावं माहीत असतात ते बघताना मला दर वेळी समाधान वाटत आलं आहे.

कोळशाला न जमणाऱ्या हलक्या वाफांसाठी कॅनिस्टर असतो: सहा लिटरचा पोलादी गोल डबा, आतून विद्युत प्रक्रियेने गुळगुळीत केलेला. त्यातली हवा पूर्ण काढून तो निर्वात करायचा आणि जागेवर नेऊन झडप उघडायची. बाहेरची हवा एका बारीक छिद्रातून चोवीस तास हळूहळू आत शिरते. फॉर्माल्डिहाइडला यातलं काहीच चालत नाही. त्याच्यासाठी रसायन लावलेलं वेगळं काडतूस लागतं, आणि त्याच्या आधी ओझोन गाळून घ्यावा लागतो, कारण ओझोन तिथेही घोळ घालतो.

या सगळ्यात चोवीस तासांची एकच सरासरी मिळते. वाफा मात्र दिवसभर बदलत असतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला वेर्नर लिंडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तयार केलेलं पीटीआर-एमएस हे यंत्र ती अडचण सोडवतं. ते हवेतल्या वाफांना पाण्यापासून केलेल्या आयनांकडून एकेक प्रोटॉन देववतं. नायट्रोजन-ऑक्सिजन तो घेतच नाहीत, त्यामुळे आड येत नाहीत, आणि सेकंदा-सेकंदाला आकडा मिळतो. आपल्या देशात मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत विनायक सिन्हा यांच्या गटाने हे यंत्र वर्षानुवर्षं चालवलं. पंजाबात भाताचा पेंढा जळतो त्या दिवसांत हवेतलं बेंझिन कसं चढतं, ते त्यांच्या मोजमापांतून समोर आलं. पेंढ्याच्या धुराची चर्चा आपण एरवी फक्त धुळीच्या कणांपुरती करतो.

नावानिशी मोजलं की संशयितांची यादीच बदलते. १९९५ साली डोनाल्ड ब्लेक आणि शेरवूड रोलंड यांचा मेक्सिको सिटीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी शहरभरातून डब्यांत हवा गोळा केली होती, आणि त्यात सगळ्यात ठळक सापडले प्रोपेन आणि ब्युटेन. ही गाडीच्या धुराची खूण नाही. हा स्वयंपाकाचा गॅस होता, न जळता हवेत गेलेला: सिलिंडर भरताना, जोडांतून, शेगडी पेटायच्या आधीच्या क्षणांत. एकूण आकड्यावरून हे कधीही कळलं नसतं. रोलंड यांना त्याच वर्षी ओझोन थरावरच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. २०१८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की गाड्यांचा धूर कमी होत गेलेल्या शहरांत खनिज तेलापासून येणाऱ्या वाफांपैकी जवळपास निम्मा वाटा आता रंग, गोंद, शाई, कीटकनाशकं, फिनेलसारखे क्लीनर आणि सौंदर्यप्रसाधनं यांचा आहे. त्याच सुमारास बोल्डर या गावात हवेत डी-५ नावाचं सिलिकॉनचं संयुग सकाळी वाढताना आणि दिवसभरात उतरताना सापडलं. ते डिओडरंट आणि केसांच्या प्रसाधनांत असतं. सकाळी कामावर जायच्या वेळी त्याचं उत्सर्जन वाहनांच्या बेंझिनच्या तोडीचं होतं.

आपल्याकडे २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाडा परिसरातल्या प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली. त्या प्रकरणाचा गाभा व्हीओसी हाच होता, आणि ते लावून धरलं होतं तिथल्याच रहिवाशांनी. भारतातल्या एका वस्तीचा श्वास या संयुगांच्या हिशेबाने न्यायासनासमोर तोलला गेला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण मोबाइलवर रोज दिसणारा हवेचा निर्देशांक उघडून बघा. त्यात आठ घटक धरतात: दोन आकारांची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बेंझिन त्यात नाही, दुसरी कुठलीही वाफ नाही. माहुलमध्ये निर्देशांक हिरवा दिसला तर तो बेंझिनबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

झाडांचं म्हणत होते. निलगिरी, बांबू आणि इतर कित्येक झाडं उन्हात आयसोप्रीन सोडतात. जगभरची बेरीज वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन भरते, आणि ते हवेत तास-दोन तासांतच क्रियेत ओढलं जातं. ज्या शहराच्या पोटात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाएवढं जंगल आहे, तिथे झाडांच्या या वाट्याचा हिशेब ठेवायलाच हवा. यात झाडाचा दोष काढायचा नाही. नायट्रोजनचा धूर नसेल तर त्याच्या वाफेतून शहरावर ओझोन साचत नाही. पण माणसाचा वाटा किती, हे झाडाचा वाटा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर काही केंद्रांचे बेंझिन, टोल्युइन, झायलीनचे आकडे मिळतात. ते कुणालाही बघता येतात. बघताना टोल्युइनला बेंझिनने भागा. बेंझिन हवेत आठवडाभर टिकतं, टोल्युइन एक-दोन दिवसांत संपतं. म्हणून हा भागाकार मोठा असेल तर वाफ जवळची आणि ताजी, थिनर-रंगाचं काम शेजारी असेल तर फारच मोठा; लहान असेल तर हवा लांबून, वेळ काढून आलेली, किंवा जवळ काहीतरी जळतं आहे.

अमेरिकेत दहा लाखांहून मोठ्या महानगरांत ठरावीक केंद्रांवर उन्हाळ्यात तासातासाला पन्नासेक हायड्रोकार्बन वेगवेगळे मोजणं बंधनकारक आहे. मुंबईसाठी मी हेच मागते, फक्त उन्हाळ्याऐवजी ऑक्टोबर ते मे. पहिलं यंत्र चेंबूरला हवं. दुसरं खाडीपलीकडे नवी मुंबईत हवं, कारण दुपारी समुद्रावरचा वारा चेंबूरच्या वाफा पूर्वेकडे नेतो आणि त्यांचा ओझोन वाटेत तयार होतो. दोन्ही ठिकाणी प्रोपीन आणि झायलीन किती उरले याची तासाची नोंद समोरासमोर ठेवली की कोणाच्या वाफेचा ओझोन कोणाच्या दारात जातो, ते कागदावर दिसेल.